‘गेला असेल’, ‘गेला असावा’ आणि ‘गेला असता’

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



चिटणिसांचे निमंत्रण आले त्यात, विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी सूचना होती. आम्ही प्रथम आठ वर्षे एका पेढीत कारकुनी केली आणि पुढे तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. तेव्हा आमच्यापाशी उपयोगाचे म्हणून जे काही आहे ते इंग्रजी व्याकरणच. व्याकरणाचे नाव काढताच मागच्या रांगेतील काही मंडळी पानसुपारीच्या तबकाकडे पाहू लागली आहेत, हे आमच्या ध्यानात आले आहे. त्यांनी थोडा धीर धरावा. आज आम्ही व्याकरणाचा एकच कोपरा झाडणार आहोत. जी गोष्ट घडून गेली, जी आपण डोळ्यांनी पाहिली नाही, परंतु जिच्या खुणा आपल्यासमोर आहेत, तिच्याविषयी तर्काने काही म्हणावयाचे झाल्यास ते इंग्रजीत कसे म्हणावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण त्यापायी एका सज्जन गृहस्थाचे किती नुकसान झाले ते आम्ही पाहिले आहे, आणि ते आमच्याच हातून झाले आहे. म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

ही गोष्ट १९७१ सालची. आम्ही नुकतेच पदवीधर होऊन मुंबईस एका खासगी पेढीत लागलो होतो. त्याच पेढीत आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ रोखपाल होते. वयाने वडील, आमच्याच चाळीत राहणारे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचे शिक्षण जुन्या इंग्रजी चौथीपर्यंतचे, पण हिशेब असा चोख की रोजकीर्दीत खाडाखोड म्हणून दिसावयाची नाही. एके सायंकाळी घरून निरोप आला की मुलीचा ताप चढला आहे. काकांनी घाईने रोकड तिजोरीत ठेवली, किल्ली नेहमीप्रमाणे व्यवस्थापकांच्या स्वाधीन केली आणि ते घरी धावले. दुसऱ्या दिवशी रोकड मोजली तेव्हा चारशे दहा रुपये कमी भरले. त्या काळी ही रक्कम सामान्य कारकुनाच्या एका महिन्याच्या पगाराहून कमी नव्हती. साहेबांनी मेमो दिला आणि चोवीस तासांत लेखी खुलासा मागितला.

काका तो कागद घेऊन रात्री आमच्या खोलीवर आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ‘पैसे कोठे गेले ते मला ठाऊक नाही, परंतु तिजोरी बंद करण्यापूर्वी मी रोकड पुन्हा मोजायला पाहिजे होती, ती घाईत मोजली नाही, एवढी माझी चूक आहे.’ प्रामाणिक माणूस याहून अधिक काय सांगणार? हे इंग्रजीत उतरवून देण्याचे काम आमच्याकडे आले. ज्ञातीतील पदवीधर म्हणून आमचा थोडा दबदबा होता आणि आम्हांसही त्याचा थोडा अभिमान होता. शाळेत आम्ही ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ असे घोकले होते. ‘पाहिजे’ जर ‘मस्ट’, तर ‘पाहिजे होती’ म्हणजे ‘मस्ट हॅव’, हा हिशेब आम्ही क्षणात केला आणि वाक्य लिहिले: ‘आय मस्ट हॅव काउंटेड द कॅश अगेन बिफोर क्लोजिंग द सेफ.’ मूळ मराठी वाक्यातील ‘घाईत मोजली नाही’ हा तुकडा पुनरुक्ती होते म्हणून आम्ही गाळला. शैलीची एवढी जाण आम्हांस होती!

आता या वाक्याचा इंग्रजीत अर्थ काय होतो? ‘तिजोरी बंद करण्यापूर्वी मी रोकड पुन्हा मोजलीच असली पाहिजे’ म्हणजेच ‘मी ती खात्रीने मोजली असणार.’ काकांना जे कबूल करावयाचे होते त्याच्या नेमके उलट. साहेबांनी मदतनिसास बोलावून विचारले, तो म्हणाला, छे, कालच्या घाईत मोजणी झालीच नाही. झाले! निष्काळजीपणाचा ठपका होता तो खोटे बोलण्याचा झाला. आणि जो लेखी खोटे बोलतो त्याच्याविषयी पुढचा तर्क करण्यास कोणाला कितीसा वेळ लागतो? काकांना रोकडीवरून काढून जुन्या दप्तराच्या खोलीत बसविले आणि दोन वार्षिक वाढी रोखल्या.

पाच महिन्यांनी हिशेबतपासनीस आले तेव्हा चारशे दहा रुपयांचे एक व्हाउचर दुसऱ्या एका व्हाउचरच्या पाठीमागे टाचणीत अडकलेले सापडले. पैसे रीतसर कोणाला तरी दिलेले होते, नोंद तेवढी राहिली होती. वाढी परत मिळाल्या. पण लेखी खुलाशात असत्य विधान केल्याचा शेरा काकांच्या कागदावर राहिला तो राहिलाच. निवृत्त होईपर्यंत ते दप्तराच्या खोलीतच होते. त्या वाक्यात काय चुकले होते हे आम्हांस समजावयास आणखी सहा वर्षे लागली. शिक्षकाची पदविका घेत असता एका व्याकरणाच्या पुस्तकात ‘मस्ट हॅव’वरचे प्रकरण वाचताना आमच्या हाताला घाम फुटला, हे अद्याप आठवते. काकांपाशी जाऊन आम्ही ते बोललो नाही. बोलावयास हवे होते. आता ते हयात नाहीत. त्यांच्या कन्येस सर्व सांगून, तिची अनुमती घेऊन, आज प्रथमच ही गोष्ट चारचौघांत सांगत आहोत.

असो. आता विषयाकडे वळू.

गंमत अशी की या बाबतीत आपली मराठी मुळीच दरिद्री नाही. किंबहुना इंग्रजीहून ती सधन आहे, असे आमचे मत आहे. कोणी माणूस घरी दिसत नाही. आपण काय काय म्हणतो पाहा. ‘तो गावाला गेला’ हे विधान झाले. ज्याने पाहिले, त्याने सांगितले. ‘गेला असेल’ हा नुसता संभव. ‘गेला असावा’ यात काही खुणा आहेत: वहाणा नाहीत, पिशवी नाही. ‘गेला असणार’ यात बोलणाऱ्याने मनाशी निर्णय केला आहे. ‘गेलाच असला पाहिजे’ येथे दुसरी वाट उरलेली नाही. ‘गेला असणे शक्य नाही’ हा निषेधाचा निर्णय. आणि याच्या शेजारीच, पण अगदी निराळ्या घरात राहणारी तीन वाक्ये आहेत. ‘गेला असता’, म्हणजे गेला नाही. ‘जायला पाहिजे होते’, म्हणजे बहुधा गेला नाही आणि ते चुकले. ‘जावे लागले’, म्हणजे गेला, परंतु राजीखुशीने नव्हे. अक्षर ओळख नसलेली आमची आजीदेखील यांत कधी घोटाळा करीत नसे. ‘असेल’ आणि ‘असता’ यांत थोडाच फेर आहे. पण नदीवर गेलेल्या मुलाविषयी कोणी ‘बुडाला असेल’ म्हटले तर आई ऊर बडवीत धावते, आणि ‘बुडाला असता’ म्हटले तर ती देवापुढे साखर ठेवते.

इंग्रजीत पहिल्या घरातील वाक्यांना ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कुड हॅव’, ‘मस्ट हॅव’, ‘कान्ट हॅव’ हे शब्द. आणि त्यांच्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप: गॉन, सीन, टेकन. ‘गेला असेल’ ते ‘ही मे हॅव गॉन’. ‘गेला असावा’ आणि ‘गेलाच असला पाहिजे’ या दोहोंस इंग्रजीत मुख्यतः एकच ‘ही मस्ट हॅव गॉन’. कमीजास्त जोर आवाजाने दाखवावयाचा. ‘गेला असणे शक्य नाही’ याला ‘ही कान्ट हॅव गॉन’. दुसऱ्या घरात ‘गेला असता’ याला ‘वुड हॅव गॉन’, ‘जायला पाहिजे होते’ याला ‘शुड हॅव गॉन’, आणि ‘जावे लागले’ याला ‘हॅड टू गो’. आमच्या काकांचे वाक्य ‘शुड हॅव’च्या घरचे होते, ते आम्ही ‘मस्ट हॅव’च्या घरी नेऊन घातले.

विद्यार्थी येथे विचारील की ‘मस्ट’ला भूतकाळाचे साधे रूप का नसावे? ‘गो’चे ‘वेन्ट’ होते, मग ‘मस्ट’चे काहीच का होऊ नये? याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. ‘मस्ट’ हेच मुळात भूतकाळाचे रूप होय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मोटन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘मुभा असणे’, पुढे ‘भाग पडणे’. त्याचे भूतकाळी रूप ‘मोस्टे’. कालांतराने मूळ वर्तमानरूप लोपले आणि भूतरूपच वर्तमानाच्या गादीवर बसले. एकदा दत्तक गेलेला मुलगा पुन्हा दत्तक कसा जाणार? म्हणून गेलेल्या काळाचा निर्देश ‘मस्ट’ला स्वतःला करता येत नाही, तो करण्यासाठी ‘हॅव’ आणि तिसरे रूप यांची मदत घ्यावी लागते. ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’, ‘वुड’ हीही ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’, ‘विल’ यांची जुनी भूतरूपेच. पण त्यांतही भूतकाळाचा कस आता फारसा उरलेला नाही, म्हणून त्यांनाही तीच मदत लागते. हे ‘हॅव’ बोलण्यात इतके आखडते की ‘मस्टव्ह’ एवढेच कानी पडते, आणि खुद्द विलायतेतील शाळकरी मुले ते ‘मस्ट ऑफ’ असे लिहितात. आपल्या मुलांनी ती चूक केली तर ‘चूक साहेबांच्या पोरांसारखी आहे’ म्हणून आम्ही अर्धा गुण देत असू. इतर परीक्षक देतीलच असे नाही.

मराठी मुलांची खरी अडचण मात्र दुसरीच आहे, आणि ती आम्ही शेकडो वह्यांत पाहिली. आपले ‘असावे’ हे काळाच्या बाबतीत उदार आहे. ‘हे देऊळ जुने असावे’ आणि ‘त्या काळी येथे गाव असावे’ या दोन्ही वाक्यांत ‘असावे’च चालते. काळ आपण ‘त्या काळी’ या शब्दांवर सोपवितो. इंग्रजीत तसे चालत नाही. देऊळ आज जुने आहे, म्हणून ‘मस्ट बी ओल्ड’. गाव त्या काळी होते, म्हणून ‘देअर मस्ट हॅव बीन अ व्हिलेज’. आमचा विद्यार्थी हटकून ‘देअर मस्ट बी अ व्हिलेज इन दोज डेज’ असे लिहितो आणि आपले काय चुकले हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याला सांगावे की, बाबा, प्रथम पाहा, तर्क आज करतो आहेस हे खरे, पण तर्काचा विषय केव्हाचा आहे? ‘मस्ट’ हा तर्क करणाऱ्याच्या काळाचा आणि ‘हॅव बीन’ हे घडलेल्या गोष्टीच्या काळाचे. एकाच वाक्यात दोन काळ शेजारी बसलेले असतात. तीच गोष्ट चालू असलेल्या क्रियेची. रस्ते ओले पाहून ‘रात्री पाऊस पडला असावा’ म्हटले तर ‘इट मस्ट हॅव रेन्ड’, आणि ‘आपण निजलो तेव्हा पडत असावा’ म्हटले तर ‘इट मस्ट हॅव बीन रेनिंग’.

पावसाचे उदाहरण घेतलेच आहे तर आपल्या पूर्वसूरींचेही स्मरण करू. न्यायशास्त्रात कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला ‘शेषवत्’ म्हटले आहे, आणि वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचे उदाहरण नदीच्या पुराचे आहे. नदीचे पाणी वाढलेले, ओढ जोराची, तेव्हा वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असला पाहिजे. इंग्रजी ‘मस्ट हॅव’चे याहून चांगले उदाहरण आम्हांस कोणत्याही विलायती पुस्तकात आढळले नाही. शास्त्राचा मोठेपणा असा की तेथे लगेच प्रतिपक्षाचा आक्षेपही मांडला आहे: नदी बांध घातल्यानेही फुगते, मग तुमचा निर्णय टिकला कोठे? उत्तर असे की नुसते फुगलेले पाणी पाहून आम्ही निर्णय करीत नाही. फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे आणि पाण्याचा वेग हे सर्व पाहून करतो. बांधाने तुंबलेल्या पाण्यात हे नसते. मुलांनो, नुसते पाणी वाढलेले दिसले तर ‘मे हॅव रेन्ड’ म्हणावे, फेस आणि लाकडे दिसली म्हणजे ‘मस्ट हॅव रेन्ड’ म्हणावे, एवढे ध्यानात ठेवलेत तरी निम्मे काम झाले. संस्कृतात वक्त्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी लिट् लकार पाणिनीने निराळा सांगितला आहे, हे संस्कृत घेतलेल्या मुलांना ठाऊक असेल. परंतु तो ‘मी पाहिले नाही’ एवढेच सांगतो; खात्री किती आहे ते सांगत नाही.

आता एक उदाहरण प्रत्यक्ष इंग्लंडातील घेऊ. सफोक परगण्यात सटन हू नावाच्या ठिकाणी मातीचे काही जुने उंचवटे होते. एडिथ प्रेटी या त्या जमिनीच्या मालकीण. त्यांच्या सांगण्यावरून बेसिल ब्राउन या, स्वतःच शिकून तयार झालेल्या उत्खननकर्त्याने १९३९ साली त्यांतील सर्वांत मोठा उंचवटा खणावयास घेतला. हाती आल्या त्या लोखंडी खिळ्यांच्या रांगा. लाकूड म्हणाल तर काडीभर नाही. तेथील आम्लयुक्त वाळूने ते सारे खाऊन टाकले होते. पण खिळे जागच्या जागी होते आणि फळ्यांचा ठसा वाळूत उमटून राहिला होता. त्या ठशावरून सुमारे सत्तावीस मीटर लांबीचे जहाज उभे राहिले. जहाज कोणी पाहिले नाही, आज त्याची फळीही नाही, तरी ‘देअर मस्ट हॅव बीन अ शिप’ याविषयी कोणालाही शंका नाही. फेस, पाने आणि लाकडे दिसली ती अशी.

जहाजाच्या मध्यभागी शिरस्त्राण, तलवार, सोन्याचे दागिने, चांदीची भांडी असा राजाला शोभेल असा ऐवज सापडला. पण देह सापडला नाही, हाडाचा तुकडाही नाही. तेव्हा काही विद्वान म्हणाले की येथे कोणालाही पुरले नसावे, हे नुसते स्मारक असावे. दुसरे म्हणाले, ज्या मातीने जहाज खाल्ले तिने देहही खाल्ला असेल. दोन्हीकडे ‘मे हॅव’च. पुढे १९६० नंतरच्या दशकात ब्रिटिश म्युझियमने ती जागा पुन्हा खणली, फॉस्फेटचे प्रमाण तपासले आणि देह तेथे होता या पक्षाचे पारडे जड झाले. त्यानंतर १९८० नंतरच्या उत्खननांत त्याच परिसरातील इतर खड्ड्यांत माणसांच्या आकृतीचे केवळ डाग वाळूत उरलेले दिसले. ही माती देह कसा नाहीसा करते हे त्यावरून उघड झाले. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक ‘अ बॉडी मस्ट हॅव लेन हिअर’ या बाजूस आहेत.

आणि तो देह कोणाचा? येथे तर या शब्दांचा खेळ पाहण्यासारखा आहे. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड सुमारे ६२४ साली वारला. ऐवजात फ्रँक लोकांची सदतीस सोन्याची नाणी होती. जे नाणे अजून पाडलेच गेले नाही ते कबरीत ठेवता येत नाही, हे उघड आहे. आरंभी तज्ज्ञांनी नाण्यांचा काळ सातव्या शतकाच्या मध्याचा ठरविला. तेव्हा रेडवाल्ड ‘कान्ट हॅव बीन’ होता. पुढे नाण्यांची अधिक बारकाईने परीक्षा होऊन त्यांचा काळ मागे, ६२५च्या आसपास सरकला, आणि तोच रेडवाल्ड ‘मे हॅव बीन’ झाला. आज अनेकांच्या मते तो ‘प्रॉबेबली’ आहे. पण ‘मस्ट’ म्हणण्याचे धाडस जबाबदार माणूस करीत नाही, कारण कबरीवर नाव नाही. त्याच नाण्यांबरोबर तीन कोऱ्या चकत्या आणि दोन सोन्याच्या लहान लगडीही होत्या. सदतीस आणि तीन मिळून चाळीस. यावरून एका नाणकशास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली की परलोकी जहाज वल्हवणाऱ्या चाळीस नावाड्यांची ही मजुरी, आणि लगडी सुकाणूवाल्यासाठी. कल्पना मनोहर आहे. आम्हांस ती फार आवडते. म्हणूनच तिला ‘माइट हॅव’च्या पलीकडे जाऊ देऊ नये असे आम्हांस वाटते.

‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ यांत फरक काय, हे अनेकदा विचारले जाते. पुष्कळदा नसतोच, पण एका ठिकाणी तो जीवघेणा असतो. काय झाले ते अजून कळलेले नाही, अशा ठिकाणी दोन्ही चालतात. काय झाले ते कळले आहे आणि संकट टळले आहे, तेथे ‘माइट हॅव’ किंवा ‘कुड हॅव’च हवे: ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’, बुडाला असता, पण वाचला. तेथे ‘मे हॅव’ घातले तर मूल अद्याप बेपत्ता आहे असा अर्थ व्हावयाचा. विलायतेतील वृत्तपत्रेसुद्धा हल्ली या ठिकाणी घसरतात, म्हणून आपण घसरावे असे नाही. ‘कुड हॅव’ तर दुतोंडेच आहे. ‘ही कुड हॅव टेकन द मनी’ म्हणजे ‘त्याने पैसे घेतले असणे शक्य आहे’, आणि ‘त्याला घेता आले असते, पण त्याने घेतले नाहीत’ हाही अर्थ होतो. एकात संशय आहे, दुसऱ्यात प्रशस्तिपत्र आहे. कचेरीच्या कागदात हे वाक्य आम्ही कोणालाही लिहू देत नाही.

निषेधाच्या बाजूस एवढेच सांगतो की ‘मस्ट हॅव’च्या उलट ‘मस्टन्ट हॅव’ असे सहसा लिहू नये. ‘मस्टन्ट’ने मनाईचा भास होतो. ब्रिटिश रीत ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’ अशी. अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव’ चालते. तिकडे शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांनी ते ऐकून दचकू नये. आणखी एक गोष्ट, जी आम्हांस फार आपलीशी वाटते. इंग्रज मनुष्य कधी कधी झालेल्या गोष्टीचा तर्क भविष्याच्या रूपाने करतो: ‘ही विल हॅव रीच्ड बाय नाउ.’ मुले बुचकळ्यात पडतात की गोष्ट झालेली, मग ‘विल’ कसे? पण आपण तरी काय करतो? ‘एव्हाना पोचला असेल.’ ‘असेल’ हे भविष्याचेच रूप नव्हे काय? येथे दोन्ही भाषा एकाच वाटेने चालल्या आहेत.

हा भेद परीक्षेच्या दोन गुणांपुरताच आहे असे कोणी समजू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ यांतील अंतर मोठे आहे आणि तेच अंदाज व निश्चित निष्कर्ष यांना वेगळे करते, अशा आशयाचे सांगितले. पुढे १९८४ साली पुण्यातील एका विवाहितेच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूचा खटला त्या न्यायालयापुढे आला. खालच्या न्यायालयाने पतीस फाशी सुनावली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. पाहणारा साक्षीदार नव्हता. सारा भर परिस्थितीवर. पत्नीने स्वतः विष घेतले असणे शक्य आहे, ही वाट पुराव्याने बंद झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस सोडून दिले आणि परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी घालून देताना ‘मे बी’ व ‘मस्ट बी’ यांतील भेद व्याकरणाचा तर आहेच, पण कायद्याचाही आहे, हे आवर्जून नमूद केले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून व्याकरणाचे नाव निघाले, हे वाचून एका निवृत्त मास्तराला काय वाटले असेल, याचा तर्क आपण करावा. येथे ‘मस्ट हॅव’ म्हणण्यास आमची हरकत नाही!

आता थोडे आपल्या घरचे. परदेशी वाढणाऱ्या आपल्या ज्ञातीतील मुलांसाठी मंडळाने इंग्रजीत एक लहानशी माहितीपुस्तिका काढण्याचे ठरविले आहे आणि तिचा कच्चा मसुदा चिटणिसांनी आमच्याकडे तपासावयास पाठविला आहे. परिश्रम पुष्कळ घेतले आहेत, त्याबद्दल तरुण मंडळींचे अभिनंदन. परंतु चौथ्या पृष्ठावर आपले पूर्वज अमुक शतकात अमुक प्रांतातून ‘केम’, असे सरळ लिहिले आहे. जणू लेखक वेशीवर उभा राहून गाड्या मोजत होता! आम्ही आधार विचारला. उत्तर मिळाले की पुष्कळ घराण्यांचे कुलदैवत तिकडे आहे, आणि काही आडनावे तिकडच्या गावांवरून पडलेली आहेत. या खुणा खऱ्याच आहेत, त्या टाकून देण्यासारख्या नाहीत. पण बांधाने फुगलेले पाणी येथेही असू शकते. गावावरून पडलेले आडनाव त्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने पडते, तसेच तेथे काही वर्षे चाकरी केल्याने किंवा वतन मिळाल्यानेही पडले असेल. कुलदैवत स्थलांतराबरोबर येते, तसेच कोण्या पूर्वजाच्या नवसानेही जडले असेल. एखादे दानपत्र, महजर, वहिवाटीचा कागद, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायाच्या वहीतील नोंद मिळेपर्यंत आपणांस ‘मस्ट हॅव कम’ म्हणण्याचाही अधिकार नाही, मग ‘केम’ दूरच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो अस्सल कागदांच्या आग्रहानेच.

काही वडीलधाऱ्यांना भीती वाटते की ‘मे हॅव’ लिहिले तर ज्ञातीचा मान कमी होईल. आम्हांस तसे वाटत नाही. परदेशी वाढलेली मुले ही भाषा आपल्याहून बारकाईने वाचतात. ‘केम’ वाचून ती आधार विचारतील, आणि तो नाही असे दिसले म्हणजे पुस्तिकेतील खरे तेही खोटे धरतील. एका चुकीच्या शब्दामुळे खऱ्या माणसाचे सगळेच बोलणे खोटे ठरते, हे आम्ही एकदा पाहिले आहे.

तेव्हा कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी आहे. पृष्ठ चार, ओळ सात, ‘केम’ काढून ‘मे हॅव कम’ करावे. पृष्ठ सहावर ‘दे वेअर स्कॉलर्स’ आहे, तेथे आपल्यापाशी तीन पोथ्यांच्या प्रती आणि नकलाकारांची नावे आहेत, म्हणून ‘सम ऑफ देम मस्ट हॅव बीन स्कॉलर्स’ इतके निःशंक लिहावे. पृष्ठ नऊवर मंडळाच्या जुन्या चालकांविषयी ‘दे मस्ट हॅव स्टार्टेड अ गर्ल्स होस्टेल’ असे छापले आहे. मसुदा करणाऱ्याच्या मनात ‘त्यांनी मुलींचे वसतिगृह काढायला पाहिजे होते’ असे होते, हे आम्ही त्यालाच विचारून घेतले. तेथे ‘शुड हॅव’ करावे. नाहीतर वाचणारी मुलगी ते वसतिगृह कोठे आहे असे विचारीत यावयाची. बाकीच्या दुरुस्त्या समासात शिसपेन्सिलीने केल्या आहेत. मसुदा व्यासपीठावर ठेवला आहे, चिटणिसांनी तो जाताना घेऊन जावा.